सिम्फनी वाद्यवृंदाचे व्यवस्थापन (मुंबई)

पाश्चात्त्य अभिजात संगीत वाजवणाऱ्या मोठ्या वाद्यवृंदाचा आर्थिक व प्रशासकीय कारभार. पूर्ण आकाराच्या सिम्फनी वाद्यवृंदात ८० ते १०० वादक बसतात, त्यांतले निम्म्याहून अधिक व्हायोलिन, व्हिओला, चेलो आणि डबल बास ही गजाची तंतुवाद्ये वाजवणारे. त्यांचे वेतन, तालमी, सभागृह, स्वरलेखनाच्या प्रती आणि प्रवास हे मोठे खर्च. तिकीटविक्रीतून ते लंडन-न्यूयॉर्कमध्येही भागत नाहीत.

याचे कारण विल्यम बॉमोल आणि विल्यम बोवेन या अमेरिकी अर्थतज्ज्ञांनी १९६६ मध्ये मांडले. बेथोव्हनची पाचवी सिम्फनी, म्हणजे वाद्यवृंदासाठीची मोठी रचना, १८०८ साली पहिल्यांदा वाजली. ती वाजवायला तेव्हा जेवढी माणसे आणि जेवढा वेळ लागला, जवळपास तेवढाच आजही लागतो. कारखान्यात यंत्रे आली, माणशी उत्पादन वाढले, त्याबरोबर पगारही वाढले. वादकालाही त्याच शहरात राहायचे असते, म्हणून त्याचा पगार वाढवावाच लागतो. पण त्याच्या कामाचा वेग वाढवता येत नाही. ही तूट जर्मनीत मुख्यतः सरकारी अनुदानातून भरली जाते, अमेरिकेत देणग्या आणि कायमनिधीच्या व्याजातून. तिथेही घडी विस्कटते: फिलाडेल्फिया ऑर्केस्ट्रासारख्या नामवंत संस्थेने २०११ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला होता.

मराठी नाटकाच्या निर्मात्याला हे गणित विचित्र वाटेल. नाटक एकदा बसले की सात-आठ नटांच्या संचात त्याचे शेकडो प्रयोग लागतात, कलाकाराला नाइट (प्रत्येक प्रयोगाचे मानधन) मिळते आणि तालमीचा खर्च हळूहळू वसूल होतो. वाद्यवृंदाचा कार्यक्रम मात्र अनेक दिवस बसवून एक-दोनदाच वाजतो. पुढच्या आठवड्यात नवी रचना, नव्या तालमी. नरिमन पॉइंटच्या एनसीपीए (नॅशनल सेंटर फॉर द परफॉर्मिंग आर्ट्स) या कलाकेंद्रातील जमशेद भाभा नाट्यगृहात सुमारे ११०० आसने आहेत. सरासरी १,५०० रुपयांचे तिकीट धरले आणि एकही खुर्ची रिकामी राहिली नाही, तरी गल्ला साडेसोळा लाखांचा. ९० वादकांत तो वाटला तर माणशी अठरा हजारांच्या आसपास येतात, आणि संचालकाचे (वाद्यवृंदासमोर उभे राहून वादन चालवणाऱ्या कंडक्टरचे) मानधन, हॉटेल, विमानभाडे अजून द्यायचेच असते.

मुंबईत हा प्रयत्न जुना आहे. व्हायोलिनवादक मेहली मेहता यांनी १९३५ मध्ये बॉम्बे सिम्फनी ऑर्केस्ट्रा उभा केला. संचालक झुबिन मेहता हे त्यांचे पुत्र. पन्नाशीच्या दशकात मेहली मेहता परदेशी गेले. पुढे १९६२ मध्ये बॉम्बे चेंबर ऑर्केस्ट्रा सुरू झाला. या काळात वादकांचे घर चालवणारा खरा मालक होता हिंदी चित्रपट. गोव्यातल्या चर्चच्या शाळांत स्वरलेखन वाचायला शिकलेले व्हायोलिनवादक मुंबईत येऊन रेकॉर्डिंग स्टुडिओत शिफ्ट करत. अँथनी गोन्साल्विस हे त्यांच्यातलेच. १९५८ साली त्यांनी सेंट झेवियर्स कॉलेजच्या प्रांगणात भारतीय रागांवर आधारलेल्या रचना मोठ्या वाद्यवृंदाकडून वाजवून घेतल्या. या शहरात तंतुवाद्य वाजवून महिन्याचा संसार चालवण्याची सोय सिनेमाने केली, याचे श्रेय त्याला पुरेसे मिळालेले नाही. सिंथेसायझर आणि पुढे संगणक आल्यावर स्टुडिओतले ते मोठे ताफे ओसरले. पोटापाण्याची वाट बंद झाल्यावर पुढची पिढी या वाद्यांकडे कशाला वळेल? आजची वादकांची टंचाई बरीचशी तिथून आलेली आहे.

सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया (एसओआय) ही एनसीपीएची संस्था. खुश्रू सनटूक आणि कझाकस्तानचे व्हायोलिनवादक मरात बिसेनगालिएव यांनी ती २००६ मध्ये स्थापन केली. मुंबईत राहणारा कायम वादकांचा छोटा संच आणि हंगामापुरते परदेशातून येणारे वादक, अशी तिची रचना आहे. वर्षात साधारणपणे दोन मोठे हंगाम होतात. पूर्ण संचाचा बारमाही पगार पेलणे अवघड असताना ही हंगामी व्यवस्था व्यवहार्य ठरली. कार्यक्रमांची निवड हाही व्यवस्थापनाचाच भाग. झाकीर हुसेन यांच्या ‘पेशकार’ या तबला व वाद्यवृंदासाठीच्या रचनेचे पहिले वादन एसओआयने २०१५ मध्ये केले आणि २०१९ च्या ब्रिटन दौऱ्यात ती रचना सोबत नेली. इतरांकडे नाही असे काही हाती असले, तर दौऱ्याची दारे उघडतात.

रसिकांना कधीच न दिसणारे पण कळीचे पद ग्रंथपालाचे, म्हणजे स्वरलेखनाच्या प्रती सांभाळणाऱ्याचे. पहिल्या व्हायोलिन गटाच्या प्रमुखाने गज कुठे वर, कुठे खाली न्यायचा ते ठरवले की त्या खुणा प्रत्येक प्रतीवर पेन्सिलीने उतरवायच्या. तंतुवाद्यांच्या दोन वादकांत प्रत ठेवायचा एक स्टँड असतो. आतल्या बाजूचा वादक पान उलटतो, म्हणून पान कुठे संपते हेही बघावे लागते. एका स्टँडवर खूण चुकली तर साऱ्या रांगेत त्या दोघांचेच गज उलटे चालताना दिसतात आणि तालमीची मिनिटे वाया जातात. पेन्सिलच वापरायची, कारण प्रती पुष्कळदा भाड्याच्या असतात आणि खुणा पुसून परत करायच्या असतात. भारतात स्वामित्वहक्क रचनाकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो. त्यामुळे बेथोव्हन मोकळा, पण १९७५ मध्ये वारलेल्या शोस्ताकोविचच्या रचनांसाठी २०३५ अखेरपर्यंत परवानगी घेणे आले.

मुंबईची हवा हा वेगळाच खर्च. पावसाळ्यातली दमट हवा आणि सभागृहाचा कोरडा गारवा यांत लाकडी वाद्ये सांधे सोडतात, सूर हलतो. प्रवासात चेलोसारख्या मोठ्या वाद्याला विमानात स्वतंत्र आसनाचे तिकीट काढावे लागते.

निधीसाठी तिकिटांखेरीज देणगीदार आणि कंपन्या. २०१३ च्या कंपनी कायद्यानुसार ठरावीक आकाराच्या कंपन्यांना गेल्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामावर खर्चावे लागतात. त्या यादीत शिक्षण आहे आणि कला-संस्कृतीही. पण कंपनीच्या बैठकीत सिम्फनीपेक्षा मुलांच्या शिकवणीचा प्रस्ताव लवकर पटतो, आणि दूरदृष्टीने पाहता तोच महत्त्वाचा आहे. १९९५ पासून मेहली मेहता म्युझिक फाउंडेशन शहरात मुलांना शिकवत आहे, एसओआयचीही अकादमी आहे. व्हायोलिनवर चांगला हात बसायला दहा-पंधरा वर्षे जातात. ओबो, बासून, फ्रेंच हॉर्न ही फुंकून वाजवायची वाद्ये शिकवणारे शहरात फार थोडे. म्हणून या वाद्यांसाठी परदेशी वादक बोलवावे लागतात, आणि हंगामाच्या अंदाजपत्रकात व्हिसा व विमानभाड्याचा रकाना मोठाच राहतो.