कसं, केव्हा आणि मलाच का?

भर दुपारी ऊन चुकवायला चार माणसं धान्याच्या कोठाराखाली बसली आहेत. कोठार लाकडी खांबांवर उभं, माती-लाकडाचं, चांगलंच वजनदार. खाली गार सावली. गप्पा चालल्यात, कुणी हातातलं काम उरकतंय. खांब मात्र वाळवीने आतून पोखरलेत. कोठार कोसळतं आणि खालची माणसं जखमी होतात.

मध्य आफ्रिकेत, आजच्या दक्षिण सुदान आणि काँगोच्या सीमाभागात राहणाऱ्या आझांदे लोकांत असे अपघात अधूनमधून होत. 1920च्या दशकात ई. ई. इव्हान्स-प्रिचर्ड हा ब्रिटिश मानववंशशास्त्रज्ञ त्यांच्यात जाऊन राहिला. कोठार का पडलं, या प्रश्नाला तिथलं उत्तर होतं : चेटूक.

वाळवीचं त्यांना ठाऊक नव्हतं असं समजू नका. वाळवी खांब खाते, खाल्लेला खांब मोडतो, हे तिथलं शेंबडं पोरही सांगे. माणसं सावलीसाठी कोठाराखाली बसतात, यातही कुणाला काही गूढ वाटत नव्हतं. त्यांचा प्रश्न पुढचा होता. वाळवी कित्येक महिने खांब खात होती आणि माणसं रोजच तिथे बसत होती, तर कोठार नेमकं हीच माणसं खाली असताना, याच घटकेला का पडलं? काल रात्री, खाली कुणी नसताना का नाही?

आपण इथे ‘योगायोग’ म्हणतो आणि पुढे जातो. पण खरं पाहिलं तर योगायोग हे उत्तर नाहीच. या प्रश्नाला उत्तर नाही, तो विचारू नका, असं सांगायची ती सभ्य रीत आहे. आझांदे प्रश्न सोडत नव्हते. त्यांच्याकडे दोन प्रश्न होते, ‘कसं झालं’ आणि ‘मलाच का’. पहिल्याचं उत्तर वाळवी, दुसऱ्याचं चेटूक. एकाच माणसाच्या डोक्यात ही दोन्ही उत्तरं शेजारी शेजारी नांदत होती, भांडण न होता.

चेटूक कुणी केलं, हे शोधायचीही पद्धत होती. कोंबडीच्या पिल्लाला ठरावीक विष पाजायचं आणि प्रश्न विचारायचा. पिल्लू मेलं तर एक उत्तर, जगलं तर दुसरं. मग तोच प्रश्न उलटा करून दुसऱ्या पिल्लावर पडताळून पाहायचा. पडताळणीची ही कल्पना काही कमी हुशारीची नाही! पण दोन्ही उत्तरं एकमेकांच्या विरुद्ध आली तर? विष शिळं होतं, कुणी पथ्य मोडलं, कुणी मुद्दाम बिघडवलं. प्रत्येक चुकीला कारण तयार असे आणि त्यामुळे मूळ पद्धतीला कधीच धक्का लागत नसे. इव्हान्स-प्रिचर्डने स्वतः तिथे असताना आपले घरगुती निर्णय याच रीतीने घेऊन पाहिले आणि व्यवहार ठीक चालला, असं प्रांजळपणे लिहून ठेवलं. मला त्याच्या सगळ्या लिखाणात ही कबुली सर्वांत मोलाची वाटते.

‘मलाच का’ हा प्रश्न आपल्याला इतका सहज का पडतो? 1944 साली फ्रिट्झ हायडर आणि मारियान झिमेल या मानसशास्त्रज्ञांनी एक छोटी चित्रफीत केली. एक मोठा त्रिकोण, एक छोटा त्रिकोण, एक गोल आणि उघडझाप होणारा एक चौकोन, बस एवढंच. आकृत्या इकडेतिकडे हलतात. 34 विद्यार्थ्यांना ती दाखवून विचारलं, काय दिसलं ते लिहा. ‘त्रिकोण सरकला, गोल वळला’ अशा भाषेत लिहिणारा त्यात एकच निघाला. बाकीच्यांना भांडणं दिसली, दादागिरी दिसली, पळून जाणारी घाबरी नायिका दिसली. हलणाऱ्या वस्तूमागे हेतू पाहिल्यावाचून आपल्याला राहवत नाही.

हेतूची गोष्ट जरा बाजूला ठेवली, तरी दोन गोष्टी लागोपाठ घडल्या की त्यांची गाठ मारायची खोड फक्त माणसाची नाही. बी. एफ. स्किनर या मानसशास्त्रज्ञाने 1948 मध्ये भुकेल्या कबुतरांना ठरावीक सेकंदांनी, ती काहीही करत असोत, दाणे मिळतील अशी सोय केली. आठांपैकी सहा कबुतरांना आपापलं ‘व्रत’ जडलं. एक पिंजऱ्यात घड्याळाच्या उलट दिशेने गिरक्या घेऊ लागलं, एक कोपऱ्यात मान खुपसू लागलं. या प्रयोगाचा अर्थ काय लावायचा, यावर पुढे वाद झाले. काहींच्या मते त्या हालचाली म्हणजे अन्नाची वाट पाहताना कबूतर एरवीही करतं त्या होत्या. म्हणजे कबुतराच्या कृतीमागचा अर्थ शोधतानाही आपणच गाठी मारत होतो की काय, ही शंका उरते.

तिसरा एक प्रश्न आहे : केव्हा? या प्रश्नावर बॅबिलोनच्या लोकांइतकी चिकाटी क्वचितच कुणी दाखवली असेल. मातीच्या ओल्या पाट्यांवर ते रोज रात्री आकाश टिपून ठेवत. चंद्र कुठे, ग्रह कुठे, ढग होते का. त्याच पाट्यांवर जव, खजूर, तीळ, लोकर यांचे भाव आणि युफ्रेटिस नदीच्या पाण्याची पातळी. आपल्या हाती आलेल्या अशा पाट्या इसवी सनापूर्वी 652 पासून 61 पर्यंतच्या आहेत, म्हणजे जवळजवळ सहाशे वर्षं. राज्यं आली नि गेली, लिहिणारे लिहीत राहिले.

एवढ्या नोंदींतून त्यांना कळलं की 223 चांद्रमासांनी, म्हणजे 18 वर्षं आणि सुमारे 11 दिवसांनी, ग्रहणं पुन्हा त्याच क्रमाने येतात. आज त्याला सारोस चक्र म्हणतात. त्या हिशेबात वर 8 तास उरतात आणि तेवढ्यात पृथ्वी एक तृतीयांश फिरलेली असते. म्हणून पुढचं ग्रहण दिसतं, पण दुसऱ्याच मुलखात. ग्रहणांचं हे चक्र त्यांनी सावली, गोल पृथ्वी, कक्षा यातलं काहीही न वापरता काढलं. त्यांना केव्हा ते माहीत होतं. कसं, याची त्यांना पडलेलीच नव्हती.

आणि ग्रहण येणार हे कळलं की ते करायचे काय? शेजारच्या अ‍ॅसिरियात, एसरहॅडन राजाच्या काळात, अशुभ ग्रहण आलं की राजाच्या जिवाला धोका आहे असं मानत. मग सिंहासनावर एक बदली राजा बसवायचा. खरा राजा लपून राहायचा, आणि या मुदतीत दरबारातले पंडित त्याला पत्रं लिहायचे ती ‘शेतकऱ्यास’ असा मायना घालून. मुदत संपली की बदली राजाला मारून टाकत, म्हणजे भाकीत खरं ठरलं! उत्तम निरीक्षण आणि भयंकर निष्कर्ष एकाच कार्यालयातून, त्याच माणसांच्या हातून निघत होते.

अथेन्समध्ये गोष्ट नेमकी उलटी होती. इसवी सनापूर्वी पाचव्या शतकात अ‍ॅनॅक्सॅगोरस या तत्त्वज्ञाने सांगितलं की चंद्राला स्वतःचा उजेड नाही, आणि चंद्रग्रहण म्हणजे पृथ्वीची सावली. कारण अगदी बरोबर. पण पुढचं ग्रहण कधी, हे तो सांगू शकत नव्हता. सूर्य म्हणजे तापलेला दगड आहे असं म्हटल्याबद्दल त्याच्यावर पाखंडाचा आरोप मात्र झाला. ‘कसं’ आणि ‘केव्हा’ यांची गाठ नीट बसायला पुढे बराच काळ जावा लागला. आर्यभटाने 499 साली सावलीची लांबी-रुंदी काढून ग्रहणाचं गणित मांडलं, तेव्हा त्यात दोन्ही होतं.

गंमत म्हणजे बॅबिलोनची पद्धत आता जोरात परत आली आहे. अमिनो आम्लांची साखळी दिली की प्रथिन घडी होऊन कोणता आकार घेईल, हे अल्फाफोल्ड ही संगणकप्रणाली 2020 पासून थक्क करणाऱ्या अचूकतेने सांगते. पण ती साखळी कोणत्या टप्प्यांनी दुमडत जाते, याचं उत्तर त्यात नाही. नोंदींचा डोंगर आत, उत्तर बाहेर. मातीच्या पाट्यांवर हयात घालवलेल्या त्या लेखनिकांना हे यंत्र आपल्यातलंच वाटलं असतं. मला स्वतःला अशा उत्तरांनी समाधान होत नाही, पण औषध शोधणाऱ्याने माझ्या समाधानासाठी का थांबावं?

आता ‘मलाच का’कडे परत येऊ. विज्ञानाने हा प्रश्न अगदीच टाकून दिला असं नाही. त्याचं रूप बदललं. 1944 मध्ये लंडनवर जर्मनीचे उडते बॉम्ब पडत होते आणि ते ठरावीक वस्त्यांवरच एकवटून पडतात, असं लोकांना वाटत होतं. अमुक भाग वाचतो, तमुक भागावर पुन्हा पुन्हा पडतो, म्हणजे कुणीतरी नेम धरतंय, असा तर्क होता. आर. डी. क्लार्क नावाच्या विमागणितज्ञाने दक्षिण लंडनचा 144 चौरस किलोमीटरचा नकाशा घेतला आणि त्याचे 576 सारखे चौकोन पाडले. एकूण बॉम्ब 537. मग त्याने प्रत्येक चौकोनात किती पडले ते मोजलं.

डोळे बांधून 537 दाणे अशा पटावर फेकले तर काय होईल, हे गणिताने सांगता येतं. सुमारे 227 चौकोन कोरे राहतील, 211 चौकोनांत एकेक दाणा पडेल, 99 मध्ये दोन, 31 मध्ये तीन. प्रत्यक्षात कोरे निघाले 229, एक बॉम्ब पडलेले 211, दोन पडलेले 93, तीन पडलेले 35. नेम कुणी धरलेला नव्हता. आंधळेपणाने फेकलं तरी गठ्ठे होतात, होणारच. दाणे अगदी समान अंतरावर पडले असते तर ते संशयास्पद ठरलं असतं.

त्या नकाशात एका चौकोनावर मात्र 7 बॉम्ब पडले. गणित म्हणतं, पाच किंवा अधिक बॉम्ब पडलेले एक-दोन चौकोन असणारच. पण कोणते, ते गणित सांगत नाही. त्या चौकोनात ज्याचं घर होतं त्याला क्लार्कचा तक्ता दाखवला असता, तर त्याने तो वाचून काय म्हटलं असतं? कुणाचा तरी चौकोन असायला हवाच होता, हे उत्तर बरोबर आहे. ते आझांदेंच्या उत्तरापेक्षा खरं आहे आणि त्यापेक्षा कितीतरी कोरडं.

हे सगळे प्रश्न एकाच डोक्यात गर्दी करून असल्याचं उदाहरण हवं असेल तर योहान्नेस केप्लर या जर्मन खगोलशास्त्रज्ञाकडे पाहावं. 1604 साली आकाशात नवा तारा दिसला आणि तो योगायोगाने तिथे उगवला का, यावर केप्लर डोकं शिणवत होता. जेवायला बसल्यावर त्याने बायकोला विचारलं, की पानं, मीठ, तेलाचे थेंब अनंत काळ हवेत उडत राहिले तर योगायोगाने कोशिंबीर तयार होईल का? होईल, पण माझ्यासारखी नीट मांडलेली नाही, अशा अर्थाचं तिचं उत्तर त्यानेच नोंदवून ठेवलं आहे.

हाच केप्लर पोटासाठी पत्रिका मांडत असे. आणि याच केप्लरने मंगळाच्या कक्षेची वर्षानुवर्षांची आकडेमोड 8 कलांच्या फरकापायी फेकून दिली. कला म्हणजे अंशाचा साठावा भाग. पौर्णिमेच्या चंद्राची रुंदी सुमारे 30 कला. म्हणजे फरक तिच्या चतुर्थांशाएवढा. त्याच्या आधीच्या पिढ्यांनी तो खपवून घेतला असता, कारण त्यांचं मोजमापच तेवढं ढिलं होतं. पण आकाशाचा निरीक्षक टायको ब्राहे याच्या नोंदी इतक्या चुकणार नाहीत, अशी केप्लरची खात्री होती. कोंबडीचं विष शिळं होतं असं म्हणायची वाट त्यालाही मोकळी होती. तो त्या वाटेने गेला नाही. वर्तुळ सोडलं, आणि 1609 मध्ये लंबवर्तुळ मांडलं.

1615 मध्ये जर्मनीतल्या लेओनबेर्ग गावातल्या एका बाईने तक्रार केली, की केप्लरची आई काथारिना हिने आपल्याला कडवट पेय पाजलं आणि तेव्हापासून दुखणं जडलं. ही चेटकीण आहे! पुढे आणखी साक्षी गोळा होत गेल्या. कुणाचा पाय आखडला होता, कुणाचं जनावर आजारी पडलं होतं. गावात दुखणी होतीच; आता त्या सगळ्यांना एक चेहरा मिळाला. 1620 मध्ये सत्तरी ओलांडलेल्या काथारिनाला अटक झाली आणि तिला साखळदंडात ठेवलं.

केप्लर काम टाकून आला आणि त्याने स्वतः बचाव उभा केला. जगात चेटकिणी नसतात, असं तो म्हणाला नाही. तसं म्हणायची ती वेळ नव्हती आणि कदाचित त्याचंही मत तसं नव्हतं. त्याने एकेक साक्ष घेतली आणि तारखा जुळतात का ते पाहिलं. दुखणं आधीपासून होतं का, आजाऱ्याने कोणती औषधं घेतली होती, आखडलेल्या अंगाला साधं कारण काय असू शकतं, हे तो मांडत गेला. मंगळाच्या नोंदी तपासणारीच नजर इथेही होती.

खटला मात्र त्याच्या युक्तिवादावर सुटला नाही. सप्टेंबर 1621 मध्ये काथारिनाला छळाची हत्यारं दाखवली आणि कबुली मागितली. तिने ती दिली नाही, आणि कायद्याच्या लेखी तीच कसोटी पुरेशी ठरली. 14 महिन्यांनी ती बाहेर आली. लेओनबेर्गला परत जाणं शक्य नव्हतं, तिथे लोक तिच्या जिवावर उठले होते. पुढच्या एप्रिलमध्ये ती वारली.