‘होय’वर आपोआप जाणारा अंगठा

समजा, रावेर-सावदा पट्ट्यातल्या एका केळी व्यापाऱ्याचा मुनीम बागेच्या बांधावर उभं राहून मोबाईलवर वजनं टिपतोय. गाडी भरायची घाई आहे. मे महिन्याच्या उन्हात पडद्यावरचं निम्मं दिसत नाही, बोटांना केळीचा चीक लागलेला आहे. यादीतल्या प्रत्येक पावतीच्या उजव्या टोकाला दोन चिन्हं आहेत: दुरुस्तीची पेन्सिल आणि तिला खेटून कचरापेटी. ‘नवती’ या प्रकारच्या केळीचं एक वजन दुरुस्त करायला तो गेला आणि अंगठा कचरापेटीवर पडला. अ‍ॅपने विचारलं, ‘तुम्हाला खात्री आहे का?’ त्याने ‘होय’ दाबलं. शेतकऱ्याची आख्खी पावती गेली.

मुनिमाचं लक्ष नव्हतं, असं म्हणून सगळे मोकळे होतात. पण चूक पडद्याची आहे, आणि ती नेमकी कुठे आहे ते समजून घ्यायला हवं. माणसाच्या चुका दोन जातींच्या असतात. एकीत विचारच चुकतो. दुसरीत विचार बरोबर असतो, हात घसरतो. मुनिमाचा हात घसरला होता. ‘खात्री आहे का?’ हा प्रश्न मात्र विचाराला विचारलेला आहे. वजन दुरुस्त करायचंय याची त्याला पक्की खात्री होती, म्हणून उत्तर ‘होय’ आलं. शिवाय तीच चौकट दिवसातून पन्नास वेळा समोर आली की दोन दिवसांत ‘कचरापेटी, होय’ ही हाताची एकच हालचाल होऊन बसते. मधला प्रश्न वाचलाच जात नाही.

याचं मोठं उदाहरण जपानमधलं आहे. ८ डिसेंबर २००५ रोजी मिझुहो सिक्युरिटीज या शेअर दलाली कंपनीतून जे-कॉम कंपनीचा १ शेअर ६,१०,००० येनला विकायचा होता. नोंद झाली ती ६,१०,००० शेअर प्रत्येकी १ येनला विकण्याची. पडद्यावर इशारा आला होता, तरी ऑर्डर पुढे गेली. मग ती मागे घ्यायचा प्रयत्न झाला, पण शेअर बाजाराच्या प्रणालीतल्या दोषामुळे तोही फसला. नुकसान सुमारे ४० अब्ज येन. कंपनीचे एकूण शेअर जेमतेम साडेचौदा हजार होते, म्हणजे अस्तित्वातच नसलेला माल विकायला निघाला होता. अशा वेळी इशारा पुरत नाही, प्रणालीने ऑर्डर घ्यायलाच नकार द्यायला हवा. आपल्या अ‍ॅपमध्येही एका पिकअपचं वजन ६०० क्विंटल लिहिलं गेलं तर ‘खात्री आहे का?’ विचारण्यात अर्थ नाही. गाडीच्या क्षमतेपलीकडचा आकडा स्वीकारूच नये.

आता पडदा दुरुस्त करू. सुरुवात जागेपासून. अँड्रॉइडसाठी गूगलची शिफारस आहे की बोटाने दाबायची जागा किमान ४८ डीपी (पडद्यावरची मापं मोजायचं अँड्रॉइडचं एकक), म्हणजे साधारण ९ मिलिमीटर असावी, आणि दोन जागांमध्ये ८ डीपी अंतर असावं. हा आकडा सावलीत बसलेल्या कोरड्या बोटाचा समजा, बांधावरच्या अंगठ्याला त्याहून ऐसपैस जागा द्या. त्याहून चांगलं म्हणजे कचरापेटी यादीतून काढूनच टाका आणि पावती उघडल्यावर तळाशी ठेवा. यादी आपोआप सरकणार नाही, हेही पाहा. अंगठा खाली येत असतानाच वर नवी पावती घुसली, तर बोट भलत्याच शेतकऱ्याच्या ओळीवर पडतं. असे गोंधळ मोबाईलच्या आधीपासूनचे आहेत. दुसऱ्या महायुद्धात बी-१७ विमानांचे वैमानिक उतरल्यावर फ्लॅपऐवजी (पंखांच्या मागच्या कडेच्या हलत्या झडपांऐवजी) चाकंच आत घ्यायचे, कारण दोन्ही खटके सारखे आणि शेजारी होते. मानसशास्त्रज्ञ अल्फोन्स चपॅनिस यांनी चाकांच्या खटक्याला चाकाचा आकार दिला आणि फ्लॅपच्या खटक्याला पाचरीचा. मग न बघताही हाताला फरक कळू लागला.

मग शब्द. मराठी अ‍ॅपमध्ये इथे एक खास खड्डा आहे: ‘रद्द’. पडदा विचारतो, ‘पावती रद्द करायची का?’ आणि खाली बटणं असतात ‘ठीक आहे’ आणि ‘रद्द करा’. आता ‘रद्द करा’ म्हणजे पावती रद्द करा, की रद्द करणं रद्द करा? ‘कॅन्सल’च्या ठोकळेबाज भाषांतरातून आलेला हा शब्द रोज कुणाला तरी फसवत असणार. बटणावर काम स्पष्ट लिहा: ‘पावती काढा’ आणि ‘राहू द्या’. प्रश्नातही ‘ही नोंद’ नको. ‘पावती ४१७, नवती, ६२ क्विंटल’ असं लिहा आणि त्यापुढे शेतकऱ्याचं नाव. चुकीची ओळ असेल तर ते नावच डोळ्यात खुपतं. संगणकावर एंटर दाबत नोंदी करणाऱ्यांसाठी आधीच निवडलेलं बटण ‘राहू द्या’ असावं.

पण खरा इलाज प्रश्न विचारण्यात नाहीच, परत आणता येण्यात आहे. आपला हात घसरला हे माणसाला दाबल्यानंतरच्या क्षणी कळतं, आधी नाही. म्हणून पावती लगेच काढा आणि खाली १० सेकंद पट्टी दाखवा: ‘पावती ४१७ काढली. परत आणा.’ व्हॉट्सअ‍ॅपवर ‘फक्त माझ्यासाठी डिलीट’ चुकून दाबलं की थोडा वेळ ‘अनडू’ येतं, ते हेच. जीमेल तर पाठवलेला मेल ५ ते ३० सेकंद स्वतःकडेच धरून ठेवतं. तो परत येत नाही, गेलेलाच नसतो.

आतून हे असं चालतं: डेटाबेसमधली ओळ पुसायची नाही, ‘कधी काढली’ आणि ‘कोणी काढली’ असे दोन रकाने भरायचे. ‘काढलेल्या पावत्या’ अशी वेगळी यादी ठेवायची आणि ३० दिवसांनी, हिशेब मिटला असेल तरच, खरोखर पुसायचं. सोपं वाटतं, पण इथेच तीन गोष्टी बिघडतात. एखादा अहवाल तो रकाना तपासायला विसरतो आणि काढलेली पावती शेतकऱ्याच्या देण्यात धरली जाते. म्हणून सगळ्या बेरजा काढलेल्या पावत्या वगळलेल्या एकाच यादीवरून घ्याव्यात. ४१७ हा क्रमांक दुसऱ्याला दिला तर जुनी पावती परत कशी येणार? क्रमांक पुन्हा वापरायचाच नाही. आणि ज्याच्या पावत्या आहेत त्या शेतकऱ्याचं खातं काढूच देऊ नये, ‘बंद’ अशी खूण करावी.

काही कामं मात्र परत फिरत नाहीत. यूपीआयने गेलेले पैसे आपलं अ‍ॅप ओढून आणू शकत नाही. हंगामाचा जुना डेटा कायमचा पुसणं तसंच. तिथे मुद्दाम वाट अवघड करावी: ‘३,१८२ पावत्या कायमच्या जातील. पुढे जायचं असेल तर हा आकडा लिहा.’ दरवेळी तोच शब्द लिहायला लावला तर त्याचीही सवय होते, आकडा मात्र बदलतो आणि वाचावाच लागतो. प्रोग्रामर आपला कोड जिथे ठेवतात ते गिटहब प्रकल्प काढताना त्याचं नाव लिहायला लावतं, ते याचसाठी.

आणि बॅकअप. ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या तशाच कोड ठेवायच्या सेवेच्या अभियंत्याने दुय्यम सर्व्हर समजून मुख्य सर्व्हरवरचाच डेटा पुसला. सुमारे ३०० जीबीपैकी साडेचार जीबी उरला. रोजचा बॅकअप डेटाबेस सॉफ्टवेअरची आवृत्ती न जुळल्याने बनतच नव्हता आणि ते कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. शेवटी सहा तास जुन्या प्रतीवरून काम सुरू झालं. म्हणून दर महिन्याला एकदा बॅकअप दुसऱ्या संगणकावर उतरवा, पावत्यांची संख्या मोजा आणि शेवटच्या पावतीचं वजन काटापट्टीशी ताडून पाहा.