दोन लिप्या, एक पान : मिश्र फॉन्टांच्या जुळणीची पार्श्वभूमी

फारुकी सुलतानांच्या काळात खानदेशाची राजधानी असलेल्या बुऱ्हाणपूरच्या जामा मशिदीत अरबीबरोबर संस्कृत शिलालेखही आहे. तो कोरणाऱ्या पाथरवटाला प्रत्येक अक्षर जागेवरच घडवता येत होते. पुढे अक्षरे आधी ओतून ठेवण्याची कला आली आणि दोन लिप्या एका ओळीत बसवणे अवघड होऊन बसले.

शिशाच्या खिळ्यांच्या (ओतीव अक्षरांच्या) काळात जळगाव-धुळ्याकडच्या छापखान्यात मराठी मजकुरात इंग्रजी शब्द आला, की जुळाऱ्याला (खिळे जुळवणाऱ्याला) दुसऱ्या केसकडे, म्हणजे खिळ्यांच्या खणांच्या पेटीकडे, वळावे लागे. देवनागरी अक्षर शिरोरेषेला लटकते, तर रोमन अक्षर तळरेषेवर बसते. शिवाय मात्रा आणि उकार यांच्यासाठी वर-खाली जागा सोडावी लागत असल्याने १२ पॉइंटचे देवनागरी अक्षर सहसा त्याच मापाच्या रोमनपेक्षा लहान दिसते. उर्दूची तऱ्हाच निराळी होती. उजवीकडून डावीकडे तिरकस उतरणारी नस्तालीक ही तिची लेखनशैली खिळ्यांत नीट बसत नसे, म्हणून मजकूर कातिबाने (सुलेखनकाराने) हाताने लिहायचा आणि त्यावरून छाप काढायचा, ही रीत १९८१ मधील नूरी नस्तालीक या संगणकीय फॉन्टनंतर हळूहळू ओसरली. अहिराणीपुढे मात्र ही अडचण कधीच नव्हती, कारण तिची लिपी देवनागरीच.

संगणकावरील जुळणीत घोळ वाढला, त्याचे एक कारण फॉन्टांचे प्रकार. १९८४ मध्ये पोस्टस्क्रिप्ट या छपाईच्या संगणकभाषेबरोबर टाइप १ हा फॉन्टप्रकार आला, १९९१ मध्ये ट्रूटाइप; एकाच नावाचे दोन्ही प्रकारचे फॉन्ट संगणकावर असले, की पडद्यावर एक आणि छपाईच्या फिल्मवर दुसरेच अक्षर उमटण्याचा धोका असे. त्याहून मोठे कारण संकेतांचे, म्हणजे संगणकात अक्षरांना दिलेल्या क्रमांकांचे होते. तेव्हाच्या फॉन्टात जेमतेम २५६ जागा असत आणि मराठी फॉन्ट बनवणाऱ्यांनी इंग्रजी अक्षरांच्याच जागांवर काना, मात्रा, अर्धी अक्षरे बसवली. भारतीय मानक ब्यूरोने १९९१ मध्ये इस्की हा संकेत ठरवला खरा, पण फॉन्टातील अक्षराकृतींची मांडणी ज्याची त्याची वेगळीच राहिली. परिणामी फॉन्ट बदलणे म्हणजे केवळ वळण बदलणे उरले नाही, शब्दच बदलू लागला. मराठी-इंग्रजी दोन्ही अक्षरे असलेल्या दुभाषी फॉन्टांनी रोमनला निम्मी जागा देऊन तोड काढली. तिची किंमत जोडाक्षरांनी मोजली.

प्रत्येक लिपीच्या अक्षराला स्वतंत्र क्रमांक देणारे १९९१ चे युनिकोड आणि १९९६ मध्ये जाहीर झालेला ओपनटाइप हा फॉन्टप्रकार यांनी हा पाया बदलला. विंडोज २००० बरोबर आलेल्या, र. कृ. जोशी यांनी रेखाटलेल्या मंगल फॉन्टमुळे तो घराघरांत पोहोचला. मुद्रणाच्या सॉफ्टवेअरने मात्र फार वेळ घेतला. पाने मांडण्याचे पेजमेकर हे सॉफ्टवेअर शेवटपर्यंत युनिकोड देवनागरीला सरावला नाही, आणि माझ्या मते छपाईचा व्यवसाय जुन्या फॉन्टांना इतका चिकटून राहिला, त्यात कारागिरांच्या हट्टापेक्षा या उशिराचाच वाटा अधिक आहे.

जुन्या लग्नपत्रिका आणि स्मरणिका आता युनिकोडमध्ये आणताना हाच इतिहास पुन्हा आडवा येतो. जुन्या फॉन्टात पहिली वेलांटी व्यंजनाच्या आधी टंकली जाई, युनिकोडमध्ये ती नंतर साठवली जाते. रफाराचे नेमके उलटे. हे फरक परिवर्तक (जुना मजकूर युनिकोडमध्ये बदलणारा प्रोग्रॅम) बहुधा सांभाळतो. परंतु कोणता शब्द कोणत्या फॉन्टात होता, ही माहिती साध्या मजकुरात उरत नाही, आणि मग वराच्या नावापुढची इंग्रजी पदवीही मराठी समजून अगम्य जोडाक्षरांत बदलली जाते.