स्कॉटलंडची स्वातंत्र्य चळवळ: २०१४ च्या सार्वमतानंतर

१८ सप्टेंबर २०१४ ला स्कॉटलंडमध्ये सार्वमत झालं. स्कॉटलंड स्वतंत्र देश असावा का, हो की नाही, एवढाच प्रश्न होता. ५५.३ टक्के लोकांनी ‘नाही’ म्हटलं, ४४.७ टक्क्यांनी ‘हो’, आणि मतदान झालं तब्बल ८४.६ टक्के. ही नोंद त्या दिवसाबद्दल थोडी आणि त्यानंतर चळवळीचं काय झालं याबद्दल जास्त आहे. कारण साधा हिशेब असा की सार्वमत हरलं म्हणजे विषय संपला, पण इथे विषय संपला तर नाहीच, उलट हरलेल्यांचा पक्ष आठ महिन्यांत आख्ख्या स्कॉटलंडवर पसरला. आणि तरीही इतक्या वर्षांनंतर स्वातंत्र्य काही जवळ आलेलं दिसत नाही. या दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या कशा, ते नीट बघण्यासारखं आहे.

मागचा इतिहास थोडक्यात

स्कॉटलंड आणि इंग्लंडचा राजा १६०३ पासून एक, संसद १७०७ पासून एक. स्वातंत्र्यवादी स्कॉटिश नॅशनल पार्टी, म्हणजे एसएनपी, १९३४ ची, पण तिला बराच काळ कोणी फार मनावर घेत नव्हतं. १९६७ मध्ये विनी युइंग हॅमिल्टनची पोटनिवडणूक जिंकल्या आणि पुढे उत्तर समुद्रात तेल सापडलं, मग ‘हे तेल स्कॉटलंडचं आहे’ ही घोषणा गाजली. १९७९ ला स्वतंत्र विधिमंडळासाठी सार्वमत झालं, त्यात ५१.६ टक्के लोक ‘हो’ म्हणाले तरी ते फेल गेलं, कारण एकूण मतदारांपैकी किमान ४० टक्क्यांनी ‘हो’ म्हणायला हवं अशी अट आधीच घालून ठेवली होती. हा राग लोकांच्या मनात खूप वर्षं राहिला. १९९७ ला परत विचारलं तेव्हा ७४.३ टक्के ‘हो’ आले आणि १९९९ पासून एडिनबरामध्ये स्कॉटलंडची स्वतःची संसद सुरू झाली, तिला सगळे होलीरूड म्हणतात.

म्हणजे ‘एकदा हरलो, परत विचारलं, जिंकलो’ हा अनुभव या लोकांनी आधीच घेतलेला आहे. २०१४ नंतरची त्यांची चिकाटी समजून घ्यायची तर हे लक्षात ठेवावं लागतं.

२०१४ मध्ये नेमकं काय झालं

२०११ ला एसएनपीला होलीरूडच्या १२९ पैकी ६९ जागा मिळाल्या. खरं तर तिथली निवडणूक पद्धत अशी आहे की एका पक्षाला बहुमत मिळणं अवघड. मग ब्रिटनचे पंतप्रधान डेव्हिड कॅमेरून आणि एसएनपीचे नेते, स्कॉटलंडच्या सरकारचे प्रमुख अ‍ॅलेक्स सॅमंड यांनी ऑक्टोबर २०१२ मध्ये एडिनबरा करारावर सह्या केल्या आणि लंडनने सार्वमताचा अधिकार तात्पुरता होलीरूडला दिला. मत कोण देणार ते राहण्यावरून ठरलं, जन्मावरून नाही. १६-१७ वर्षांच्या मुलांना मत होतं, तिथे राहणाऱ्या युरोपियन नागरिकांना होतं आणि रीतसर व्हिसावर राहणाऱ्या कॉमनवेल्थ नागरिकांनाही होतं. म्हणजे पुण्याहून जाऊन एडिनबरात नोकरी करणारा भारतीय पासपोर्टवाला माणूस मत देऊ शकत होता आणि ग्लासगोत जन्मून लंडनला राहणारा स्कॉटिश माणूस नाही. मला ही या चळवळीची सगळ्यात मोठी गोष्ट वाटते, आपलं राष्ट्र म्हणजे इथे राहणारे सगळे, हे तिने नुसतं भाषणात नाही तर मतदार यादीत लिहून दाखवलं.

सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात एका पोलमध्ये ‘हो’ ५१ टक्के दिसलं आणि लंडनमध्ये धावपळ उडाली. मतदानाच्या दोन दिवस आधी तिन्ही मोठ्या ब्रिटिश पक्षांच्या नेत्यांनी ‘द व्हाउ’ नावाचं वचन पेपरात छापून आणलं, की ‘नाही’ म्हणा, जास्त अधिकार देतो. माजी पंतप्रधान गॉर्डन ब्राउन यांचं ग्लासगोतलं शेवटचं भाषणही खूप गाजलं. निकालात ३२ पैकी फक्त चार भागांत ‘हो’ पुढे राहिलं: ग्लासगो, डंडी, नॉर्थ लॅनार्कशायर आणि वेस्ट डनबार्टनशायर. ही सगळी जुन्या कारखानदारीची, कष्टकऱ्यांची, वर्षानुवर्षं लेबर पार्टीला मत देणारी ठिकाणं. लेबरने हे तेव्हाच नीट वाचायला हवं होतं.

हरल्यावरची लाट

सॅमंड यांनी दुसऱ्याच दिवशी पायउतार होत असल्याचं जाहीर केलं, नोव्हेंबरमध्ये निकोला स्टर्जन आल्या. आणि मग कोणी कल्पना केली नव्हती असं झालं, सार्वमताआधी पंचवीस हजारांच्या आसपास सदस्य असलेल्या एसएनपीत लोक रांगा लावल्यासारखे शिरले आणि काही महिन्यांत आकडा एक लाखाच्या वर गेला. हरलेले लोक स्वतःला ‘द फॉर्टी-फाइव्ह’ म्हणवून घ्यायला लागले. मे २०१५ च्या ब्रिटिश निवडणुकीत एसएनपीला स्कॉटलंडमधल्या ५९ पैकी ५६ जागा मिळाल्या, लेबर ४१ वरून एकावर आली.

यात हुरळून जाण्यासारखं होतं तसं फसण्यासारखंही होतं. सार्वमतात ४५ टक्के म्हणजे हार, पण तेवढीच माणसं एका पक्षामागे उभी राहिली आणि उरलेले तीन-चार पक्षांत वाटले गेले तर जास्त मतं मिळवणारा निवडून येतो या पद्धतीत जवळजवळ सगळ्या जागा तुमच्या. जागा वाढल्या पण ‘हो’ म्हणणारे त्या प्रमाणात वाढले नव्हते, आणि पुढची बरीच वर्षं चळवळीने या दोन गोष्टींची गल्लत केली असं माझं स्पष्ट मत आहे.

‘द व्हाउ’ मधल्या वचनाप्रमाणे स्मिथ कमिशन बसलं, त्यातून २०१६ चा स्कॉटलंड कायदा आला. इन्कम टॅक्सचे दर आणि टप्पे ठरवायचा अधिकार, काही सरकारी भत्ते होलीरूडकडे आले, आणि आज तिथला इन्कम टॅक्स इंग्लंडपेक्षा वेगळा आहे, गरीब घरांतल्या मुलांसाठी स्कॉटिश चाइल्ड पेमेंट नावाचा वेगळा भत्ता आहे. म्हणजे हरलेल्या सार्वमताने पण काहीतरी पदरात पडलं, हे विसरायला नको.

ब्रेक्झिट

‘नाही’ वाल्यांचा २०१४ मधला एक मोठा मुद्दा असा होता की स्वतंत्र झालात तर युरोपियन युनियनमधून बाहेर पडाल. २३ जून २०१६ ला ब्रिटनने ५२ टक्क्यांनी बाहेर पडायचं ठरवलं, स्कॉटलंडमध्ये मात्र ६२ टक्के लोक ‘राहूया’ म्हणाले होते आणि तरी बाहेर पडावं लागलं. २०१४ चा प्रश्न ‘पिढीतून एकदा येणारी संधी’ आहे असं खुद्द सॅमंड बोलून गेले होते आणि विरोधक तेच वाक्य आजही तोंडावर मारतात, पण ज्या देशात राहायचं म्हणून लोकांनी मत दिलं तो देशच दोन वर्षांत बदलला, तेव्हा परत विचारा ही मागणी मला तरी रास्त वाटते.

तरी ब्रेक्झिटने वाटलं तेवढी मदत केली नाही. युरोपात राहायचं म्हणणारे काही लोक ‘हो’ कडे आले, तसे स्वातंत्र्यवादी पण युरोप नको म्हणणारे काही लोक उलट बाजूला गेले. २०१७ मध्ये स्टर्जन यांनी दुसरं सार्वमत मागितलं तेव्हा पंतप्रधान थेरेसा मे म्हणाल्या ‘आत्ता ही वेळ नाही’, आणि त्याच वर्षी एसएनपी ५६ वरून ३५ जागांवर आली. शिवाय एक नवीन अडचण उभी राहिली. स्कॉटलंड युरोपात आणि इंग्लंड बाहेर असं झालं तर दोघांमध्ये कस्टमची सीमा येणार, आणि स्कॉटलंडचा सगळ्यात जास्त माल तर उरलेल्या ब्रिटनमध्येच विकला जातो.

कायद्याची भिंत

२०२१ ला होलीरूडमध्ये एसएनपीला ६४ आणि ग्रीन्सना ८ जागा मिळाल्या, दोन्ही स्वातंत्र्याच्या बाजूचे, म्हणजे बहुमत. लंडन परवानगी देत नाही म्हटल्यावर स्टर्जन यांनी १९ ऑक्टोबर २०२३ ही तारीखच जाहीर केली आणि होलीरूडला हा अधिकार आहे का हे सुप्रीम कोर्टाला विचारलं गेलं. २३ नोव्हेंबर २०२२ ला पाचही न्यायाधीशांनी एकमताने सांगितलं की नाही, दोन देशांचं एकत्र राहणं हा विषय १९९८ च्या कायद्याने ब्रिटिश संसदेकडे राखून ठेवलाय.

उत्तर आयर्लंडचं बघा, १९९८ च्या गुड फ्रायडे कराराने तिथे असं लिहून ठेवलंय की लोकांचा कल आयर्लंडशी एक व्हायचा दिसला तर सार्वमत घ्यायचं, आणि दोन सार्वमतांमध्ये किमान सात वर्षं हवीत. स्कॉटलंडसाठी असं काहीच लिहिलेलं नाही. किती वर्षांनी, किती पाठिंबा दिसल्यावर, कोणाच्या सहीने, कशाचंच उत्तर नाही. हे राष्ट्रांचं स्वेच्छेने झालेलं युनियन आहे असं सगळे म्हणतात, मग बाहेर पडायची इच्छा कोणत्या मार्गाने दाखवायची ते सांगायला नको का? कॅमेरून यांनी २०१२ मध्ये सही केली तेव्हा ‘हो’ चा पाठिंबा साधारण एक तृतीयांश होता, आपण आरामात जिंकू असं त्यांना वाटत होतं. आता तो पन्नाशीच्या जवळ असताना लंडनचा कोणताही पंतप्रधान, कन्झर्व्हेटिव्ह असो की लेबर, तो धोका कशाला घेईल.

पक्ष खाली, पाठिंबा तिथेच

फेब्रुवारी २०२३ मध्ये स्टर्जन यांनी राजीनामा जाहीर केला. त्यांच्यानंतर हमझा युसुफ आले, पाकिस्तानी वंशाचे, पण ग्रीन्सशी युती मोडल्यावर एका वर्षाच्या थोडं वर जाऊन त्यांनाही जावं लागलं, मे २०२४ मध्ये जॉन स्विनी आले. मधल्या काळात पक्षाच्या पैशांची पोलीस चौकशी, सॅमंड आणि स्टर्जन यांच्यातली कटुता, सॅमंड यांच्या नेतृत्वाखालचा वेगळा अल्बा पक्ष, असं बरंच झालं. ऑक्टोबर २०२४ मध्ये सॅमंड गेले. आणि एसएनपी २००७ पासून सत्तेत आहे, त्यामुळे हॉस्पिटलच्या वेटिंग लिस्टपासून बेटांवर जाणाऱ्या फेरीबोटींपर्यंत सगळ्याचा जाब तिलाच द्यावा लागतो. ‘ग्लेन सॅनॉक्स’ ही फेरी २०१८ ला येणार होती, ती जानेवारी २०२५ मध्ये प्रवासी घ्यायला लागली, आणि जो बेटावर राहतो त्याला स्वातंत्र्याच्या आधी बोट दिसते.

जुलै २०२४ च्या निवडणुकीत एसएनपी २०१९ च्या ४८ वरून ९ जागांवर आली. पण स्वातंत्र्याबद्दलचे पोल मात्र ढळले नाहीत, ४५ ते ५० च्या मध्येच राहिले, २०२० च्या उत्तरार्धात तर सलग बऱ्याच पोलमध्ये ‘हो’ पुढे होतं. म्हणजे लोक पक्षाला कंटाळले, कल्पनेला नाही.

क्वेबेक आणि आपलं गोवा

कॅनडातल्या क्वेबेकचं उदाहरण नेहमी दिलं जातं. तिथे वेगळं व्हायचं का या सार्वमतात १९८० ला जवळपास ६० टक्के ‘नाही’ होते, आणि ३० ऑक्टोबर १९९५ ला ‘नाही’ फक्त ५०.५८ टक्के. ‘हो’ वाले केसभराने हरले. त्या रात्री क्वेबेकचे प्रीमियर, म्हणजे मुख्यमंत्री, जाक पारिझो यांनी हारेचं खापर पैसा आणि परक्या वंशाच्या लोकांची मतं यांच्यावर फोडलं, दुसऱ्या दिवशी राजीनामा जाहीर केला, पण त्या एका वाक्याने चळवळीचं जे नुकसान झालं ते पुढे कितीतरी वर्षं भरून निघालं नाही. त्यांचा पक्ष, पार्टी केबेक्वा, २०२२ ला तीन जागांपर्यंत घसरला आणि मग पुन्हा वर यायला लागला. स्कॉटलंडमध्येही बाहेरून आलेल्यांत ‘नाही’ जास्त होते, पण एसएनपीच्या नेत्यांनी हार त्यांच्या माथी मारली नाही, उलट पुढे निर्वासितांनाही होलीरूडच्या निवडणुकीत मत दिलं.

मराठी वाचकाला जवळचं उदाहरण गोव्याचं आहे. तिथे प्रश्न स्वातंत्र्याचा नव्हता, महाराष्ट्रात विलीन व्हायचं की केंद्रशासित राहायचं हा होता, पण हरल्यानंतरची गोष्ट खूप मिळतीजुळती. १६ जानेवारी १९६७ चा ओपिनियन पोल, विलीनीकरणाला फूल आणि केंद्रशासितला दोन पानं, आणि दोन पानं ३४,०२१ मतांनी जिंकली. विलीनीकरणवादी मगो, म्हणजे महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष, हरला, पण काही आठवड्यांतच झालेल्या विधानसभेत तोच पक्ष निवडून आला आणि भाऊसाहेब बांदोडकर पुन्हा मुख्यमंत्री झाले. ज्या लोकांनी त्यांच्या मुख्य मागणीला नकार दिला त्यांनीच राज्य करायला त्यांनाच बसवलं. मगो १९७९ पर्यंत सत्तेत राहिला, शाळा, कुळांचे हक्क अशी कामं झाली, आणि विलीनीकरणाचा विषय हळूहळू मागे पडला, १९८७ ला गोवा वेगळं राज्य झालं. एसएनपीने हे बारकाईने बघावं असं मला वाटतं, राज्य चांगलं चालवणं आणि मूळ मागणी जिवंत ठेवणं ही दोन वेगळी कामं आहेत, आणि पहिल्यात रमलं की दुसरं आपोआप होत नाही.

पुढे काय

स्विनी यांनी २०२५ मध्ये मांडलेली लाइन अशी की २०११ सारखं एकट्या एसएनपीला बहुमत मिळालं, म्हणजे ६५ जागा, तर तो दुसऱ्या सार्वमताचा जनादेश समजावा. लंडनने तो मानायला हवा असं कायद्यात कुठेच नाही. पुढच्या निवडणुकीलाच सार्वमत समजायचं, ही स्टर्जन यांची आयडिया पक्षाने नंतर सोडून दिली. मोर्चे निघतात, ‘ऑल अंडर वन बॅनर’ चे मोर्चे तर हजारोंचे, पण ते आधीच ‘हो’ म्हणणाऱ्यांचे.

काही जण वयाच्या गणितावर भिस्त ठेवून आहेत. २०१४ ला ६५ वर्षांवरच्या जवळपास तीन चतुर्थांश लोकांनी ‘नाही’ म्हटलं होतं, आणि तरुणांमध्ये आजही ‘हो’ चं बहुमत आहे, मग थांबलं की काम होईल असा तो हिशेब. मला तो पटत नाही, आजचा पंचविशीतला माणूस उद्या घराचं कर्ज आणि पेन्शन घेऊन पन्नाशीत येतो तेव्हा तो तसाच मत देईल हे कशावरून.

काम खरं तर २०१४ ला ‘नाही’ म्हणालेल्यांच्या दारात आहे. पाउंडचं काय, हा प्रश्न तेव्हा चळवळीला सगळ्यात जड गेला, ब्रिटनचे तेव्हाचे अर्थमंत्री जॉर्ज ऑस्बर्न यांनी सामायिक चलन मिळणार नाही असं फेब्रुवारी २०१४ मध्येच सांगून टाकलं होतं. स्कॉटलंड सरकारच्या २०२२ च्या आराखड्यात आधी पाउंडच वापरायचा आणि मग परिस्थिती आली की स्वतःचा स्कॉटिश पाउंड आणायचा असं आहे, पण ती परिस्थिती म्हणजे कोणती आणि तोवर व्याजदर कोण ठरवणार, यावर दुकानदाराला समजेल असं उत्तर अजून नाही. तेलाचंही तसंच, त्याच सरकारच्या २०१३ च्या श्वेतपत्रिकेत पिंपाला ११० डॉलरच्या आसपास भाव धरला होता, सार्वमतानंतर चारच महिन्यांत तो ५० च्या खाली गेला, ‘हो’ आलं असतं तर नव्या देशाचं पहिलं बजेट त्या भावात मांडावं लागलं असतं. फॅसलेनचा अणुपाणबुडी तळ, कर्जाची वाटणी, इंग्लंडच्या सीमेवरची तपासणी, निवृत्त माणसाची पेन्शन कोणत्या चलनात आणि कोण देणार, हे प्रश्न सार्वमताची तारीख मिळाल्यावर सोडवायचे नाहीत, आधी सोडवायचे आहेत, आणि त्यासाठी लंडनची परवानगी लागत नाही.