इंटरचेंजवरची कोंडी नेमकी कुठे जन्मते?

हायवेच्या एखाद्या इंटरचेंजवर, म्हणजे दोन मोठे रस्ते सिग्नलशिवाय एकमेकांना जोडतात त्या जागी, रोज जाम व्हायला लागला की मागणी ठरलेली असते, एक लेन वाढवा नाहीतर अजून एक फ्लायओव्हर टाका. मागणी करणाऱ्यांना दोष नाही, कारण रस्ता म्हणजे पाइप आणि गाड्या म्हणजे पाणी असंच आपल्या डोक्यात बसलेलं असतं. पण पाण्याला मागून जोर लावला तर ते जास्त वेगाने बाहेर पडतं. गाड्यांचं बरोबर उलटं, एका मर्यादेपलीकडे गाड्या घुसवल्या की पुढून बाहेर पडणाऱ्या गाड्या चक्क कमी होतात! ट्रॅफिकच्या विज्ञानातली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट हीच आहे आणि इंटरचेंज सुधारायचा तर सुरुवात इथूनच करावी लागते.

हायवेची एक लेन तासाला साधारण 2000 ते 2400 गाड्या नेऊ शकते. आपण 2000 धरू. म्हणजे दर 1.8 सेकंदाला एक गाडी. वेग ताशी 90 किलोमीटर असेल तर सेकंदाला 25 मीटर, म्हणजे एका गाडीच्या वाट्याला 45 मीटर रस्ता, त्यातले चार-पाच मीटर तर गाडीचेच. उरलेल्या 40 मीटरच्या फटीत रॅम्पवरून, म्हणजे हायवेला येऊन मिळणाऱ्या जोडरस्त्यावरून, येणाऱ्याने घुसायचं. तो घुसला की मागचा ब्रेक दाबतो, त्याच्या मागच्याला कळायला जरा उशीर होतो म्हणून तो जरा जास्त जोरात दाबतो, आणि असं होत होत बरंच मागे कोणीतरी जवळजवळ थांबतोच. जपानमधे 230 मीटरच्या गोल ट्रॅकवर 22 गाड्या सोडून हे करून बघितलं, 2008 साली तो अभ्यास प्रसिद्ध झाला. सगळ्यांना सांगितलं होतं की ताशी 30 च्या आसपास एकसारखं चालवा. रॅम्प नाही, सिग्नल नाही, खड्डा नाही, तरी थोड्या वेळाने जाम तयार झाला आणि तो ताशी 20 किलोमीटरच्या आसपास वेगाने उलट्या दिशेने सरकत राहिला.

आता मुख्य मुद्दा. जाममधून सुटलेला ड्रायव्हर लगेच पुढच्याच्या मागे चिकटत नाही, वेग घ्यायला वेळ लागतो, मधे जास्त अंतर पडतं. त्यामुळे एकदा कोंडी झाली की त्याच रस्त्याची क्षमता साधारण 5 ते 15 टक्क्यांनी घसरते. दोन लेनचा रस्ता घ्या, क्षमता तासाला 4000, येणाऱ्या गाड्या 3800. सगळं सुरळीत चालायला हवं ना? चालतंही, पण रॅम्पवरून एकदम दहा-बारा गाड्यांचा घोळका घुसला आणि कोंडी झाली, की क्षमता 10 टक्क्यांनी उतरून 3600 वर येते आणि आता दर तासाला 200 गाड्या शिल्लक राहायला लागतात. मोकळ्या रस्त्यावर एका किलोमीटरमधे साधारण 40 गाड्या असतात, रांगेत ताशी 20 च्या वेगाला 180. म्हणजे रांगेत किलोमीटरमागे 140 गाड्या जास्त मावतात. मग 200 भागिले 140, म्हणजे रांगेचं शेपूट तासाला जवळपास 1.4 किलोमीटर मागे जातं. हा हिशोब लायटहिल आणि व्हिटम या दोन गणितज्ञांनी 1955 मधे गणितात मांडला. दोन तासांची गर्दी असेल तर शेपूट जवळजवळ तीन किलोमीटर मागच्या चौकात पोचतं, लोकांना जाम तिथे दिसतो आणि फ्लायओव्हरची मागणीही तिथेच होते! मूळ मात्र तीन किलोमीटर पुढे, रॅम्पवरच्या गाड्या हायवेत मिसळतात त्या मर्जमधेच.

क्लोव्हरलीफ इंटरचेंजमधे, म्हणजे चार पाकळ्यांसारखे गोल वळणारे रॅम्प (लूप) असलेल्या रचनेत, हे मूळ तर डिझाइनमधेच असतं. ही रचना आर्थर हेल याने 1916 मधे अमेरिकेत पेटंट केली, सिग्नलशिवाय सगळ्या दिशांना वळता येतं म्हणून ती खूप पसरली. पण दोन लूपच्या मधला छोटा तुकडा बघा, एका लूपमधून ताशी 40 ने बाहेर येणारी गाडी वेग वाढवत हायवेवर घुसू बघते आणि त्याच तुकड्यात हायवेवरून 90 ने येणारी गाडी पुढच्या लूपसाठी ब्रेक मारत बाहेर निघू बघते. दोघी एकमेकींना छेद देतात, याला विव्हिंग म्हणतात. अशा जागी वरचेवर अपघात झाले की जागा शापित आहे अशी बोलवा उठते. शाप वगैरे काही नाही, दोन वेगांमधला 50 चा फरक आणि अपुरी लांबी, दोन्ही टेपने आणि स्पीडगनने मोजता येतं.

उपायही मग इथेच करायचे. बाहेर पडायचा रॅम्प आत येणाऱ्या रॅम्पच्या आधी आणायचा, किंवा ही घुसाघुशी हायवेला समांतर वेगळ्या रस्त्यावर न्यायची, किंवा सगळ्यात जास्त गर्दीचा लूप काढून तिथे थेट रॅम्प द्यायचा. आणखी एक स्वस्त उपाय म्हणजे रॅम्पच्या तोंडाशी सिग्नल, हिरव्यावर एकच गाडी सोडायची म्हणजे घोळका फुटतो. अमेरिकेत मिनियापोलिस-सेंट पॉल भागात 2000 साली असे चारशेच्या वर सिग्नल काही आठवडे मुद्दाम बंद ठेवून बघितले, तेव्हा हायवेवरून जाणाऱ्या गाड्या 9 टक्क्यांनी घटल्या आणि अपघात 26 टक्क्यांनी वाढले. अर्थात रॅम्पवर उभं राहायला जागा हवी, नाहीतर तीच रांग खालच्या रस्त्यावर उतरते.

आणि नुसत्या लेन वाढवल्या तर? ह्यूस्टनचा केटी फ्रीवे 2008 पर्यंत रुंद केला, सर्व्हिस रोड धरून काही ठिकाणी 26 लेन. काही वर्षांतच गर्दीच्या वेळचा प्रवास पुन्हा लांबला, कारण रस्ता मोकळा दिसला की नव्या गाड्या येतात, लांब राहायला गेलेले लोक येतात, आधी वेळ बदलून जाणारे परत पीक अवरला येतात. म्हणून इंटरचेंजचा आराखडा करताना फक्त जाम दिसतो तिथले फोटो नकोत, प्रत्येक रॅम्पवरची मोजणी हवी आणि रांगेचं डोकं कुठे आहे ते शोधायला हवं. पुढचा इंटरचेंजसुद्धा तपासायला हवा, आज त्याच्याकडे 3600 गाड्या पोचतायत, आपण इथलं अडलेलं सोडवलं की उद्या 3800 पोचणार, त्याची मर्ज लेन तेवढ्या झेलते का हे टेंडर काढायच्या आधीच मोजून ठेवावं.