लेख तोच, गूगलला दिसतो वेगळा

मार्च २०१८ मध्ये ‘योस्ट एसईओ’ या प्लगइनची ७.० ही आवृत्ती आली. वर्डप्रेस या सॉफ्टवेअरवर ब्लॉग चालवणारे लाखो लोक हे प्लगइन, म्हणजे वरून जोडायचा छोटा प्रोग्रॅम, वापरतात, आणि तेही मुळात गूगलमध्ये आपले लेख नीट दिसावेत म्हणूनच. अपडेटचं बटण दाबून मंडळी आपापल्या कामाला लागली. कुणी लेखातली एक ओळ बदलली नव्हती. तरीही काही साइटींच्या नावावर गूगलच्या सूचीत नवी पानं भराभर जमा व्हायला लागली. मालकांनी कधीच न लिहिलेली पानं!

ती आली कुठून? वर्डप्रेसची एक जुनी खोड आहे. तुम्ही फोटो अपलोड केला की तो फोटो ठेवण्यापुरतं ते थांबत नाही. त्या फोटोसाठी एक स्वतंत्र पानही तयार करतं. त्या पानावर फोटो आणि त्याचं शीर्षक, बाकी ठणठणाट. समजा चारशे लेख आहेत आणि प्रत्येकात पाच फोटो, तर अशी दोन हजार रिकामी पानं झाली. योस्टमध्ये ही पानं बंद ठेवायची सोय होती. ७.० मध्ये तिची मांडणी बदलली, आणि एका चुकीमुळे काही साइटींवर ती कळ अपडेट होताना ‘नाही’वर जाऊन बसली. दोन हजार पानांची दारं गूगलसाठी सताड उघडली.

गूगल एखाद्या पानाला जोखताना ती साइट एकूण कशी आहे हेही बघतं. २०११ मध्ये ‘पांडा’ नावाने ओळखला जाणारा बदल करून त्याने पोकळ पानांनी भरलेल्या साइटींना मागे ढकलायला सुरुवात केली होती. त्यामुळे फोटोंची ही पिलावळ पाहून साइटमालकांच्या पोटात गोळा आला, यात नवल नाही. योस्टने जाहीर माफी मागितली आणि निस्तरण्यासाठी एक वेगळं प्लगइनच दिलं. ते त्या पानांवर आलेल्या बॉटला, म्हणजे पानं वाचत फिरणाऱ्या गूगलच्या प्रोग्रॅमला, ४१० हा आकडा परत करायचं. ४०४ म्हणजे ‘सापडत नाही’. ४१० म्हणजे ‘होतं, पण कायमचं काढून टाकलं’. वर्डप्रेसला स्वतःची खोड मोडायला मात्र आणखी साडेपाच वर्षं लागली. नोव्हेंबर २०२३ मधल्या ६.४ या आवृत्तीपासून नव्याने उभारलेल्या साइटींवर ही पानं मुळातच बंद असतात. जुन्या साइटींचं काय? त्या आहेत तशाच.

आपण लेख लिहितो, पण लेखाभोवतीचं सगळं ब्लॉगचं सॉफ्टवेअर लिहितं. पानाचा पत्ता, टॅबवरचं शीर्षक, ‘या मजकुराचं मूळ पान हे’ असं सांगणारी कॅनॉनिकल नावाची ओळ, फोटो केव्हा उतरवायचा याची सूचना, सर्व्हरने द्यायचा तीन आकडी निरोप. यातलं बरंचसं वाचकाला दिसत नाही. बॉट मात्र आधी तेच वाचतो. अपडेट बदलतं ते हेच. शिवाय ऑक्टोबर २०१३ मधल्या ३.७ पासून वर्डप्रेसची छोटी अपडेट्स मालकाला न विचारता होतात, आणि ऑगस्ट २०२० मधल्या ५.५ पासून प्लगइन्सनाही तशी मुभा देता येते. रात्री झोपताना एक साइट असते, सकाळी दुसरी. जगातल्या साधारण पाचपैकी दोन साइटी वर्डप्रेसवर चालतात म्हटल्यावर तिथे घेतलेला एखादा निर्णय किती दूरवर पोचतो, याचा अंदाज येईल.

त्याच ५.५ ने आणखी एक काम केलं: फोटोंना सरसकट लेझी लोडिंग लावलं. वाचक स्क्रोल करत जवळ येईपर्यंत फोटो उतरवायचाच नाही, अशी ही पद्धत. लांबलचक लेखाच्या तळाशी वीस फोटो असतील तर ती उत्तमच. डेटा वाचतो, पान लवकर उघडतं. पण वर्डप्रेसने तीच सूचना लेखाच्या अगदी डोक्यावरच्या फोटोलाही चिकटवली. आता ब्राउझर आधी पानाची मांडणी करतो, मग ठरवतो की हा फोटो पडद्यावर दिसणार आहे की नाही, आणि त्यानंतर कुठे तो मागवतो. जो फोटो सगळ्यांत आधी हवा, तोच ताटकळतो.

एरवी हे कुणाच्या लक्षातही आलं नसतं. पण २०२१ च्या मध्यापासून गूगलने पान उघडण्याच्या अनुभवाची मापं क्रमवारीत धरायला सुरुवात केली. त्यातलं एक माप म्हणजे पडद्यावरचा सर्वांत मोठा घटक दिसायला लागलेला वेळ. तो अडीच सेकंदांच्या आत असेल तर चांगला. बहुतेक लेखांत हा सर्वांत मोठा घटक कोणता असतो? डोक्यावरचा फोटो! म्हणजे पान वेगवान करण्यासाठी केलेला बदल नेमक्या मोजल्या जाणाऱ्या ठिकाणी पान हळू करत होता. गूगल आणि वर्डप्रेसच्या लोकांनी आकडे तपासले, तेव्हा हे उघड झालं. जानेवारी २०२२ मध्ये ५.९ ने पहिल्या फोटोला या नियमातून सूट दिली, आणि ऑगस्ट २०२३ मध्ये ६.३ ने त्याच्या पुढे जाऊन अशा फोटोवर ‘हा आधी आणा’ अशी खूण करायला सुरुवात केली. मला या गोष्टीत लबाडी किंवा हलगर्जीपणा दिसत नाही. उपाय चांगला होता, सरसकट लावला हे चुकलं. ज्यांनी ५.५ वर अपडेट करून मग दोन-तीन वर्षं काहीच केलं नाही, त्यांच्या पदरी फक्त तोटा पडला, ही मात्र खरी गंमत.

काही वेळा सगळा खेळ एका शून्याचा असतो. वर्डप्रेसच्या सेटिंगमध्ये वाचनाच्या विभागात एक चौकोन आहे: सर्च इंजिनांनी ही साइट सूचीत घेऊ नये, अशी विनंती करणारा. त्यात खूण केली की डेटाबेसमधल्या एका नोंदीत एकाच्या जागी शून्य येतं. मोठं अपडेट करायचं असलं की जाणती मंडळी साइटची नक्कल, म्हणजे स्टेजिंग, तयार करतात, ती गूगलला सापडू नये म्हणून या चौकोनात खूण करतात, सगळं तपासतात आणि मग ती नक्कल डेटाबेससकट खऱ्या साइटवर चढवतात. शून्यही सोबत चढतं. वाचकाला काहीच वेगळं दिसत नाही, पण प्रत्येक पानाच्या कोडमध्ये माथ्यावर आता ‘नोइंडेक्स’, म्हणजे ‘सूचीत घेऊ नका’, असं लिहिलेलं असतं. डॅशबोर्डवर एका ओळीत याची सूचना येते खरी, पण ती वाचतो कोण?

या चौकोनाचं काम करण्याची तऱ्हाही एका अपडेटने बदलली. पूर्वी खूण केली की वर्डप्रेस रोबॉट्स डॉट टीएक्सटी या फाइलमधून बॉटला साइटवर यायलाच बंदी करायचं आणि पानावर नोइंडेक्सही लिहायचं. दुहेरी बंदोबस्त वाटतो, पण एकाने दुसऱ्यावर पाणी फिरवलं. दारावर ‘आत येऊ नये’ असा फलक आणि ‘माझं नाव यादीत घालू नका’ ही चिठ्ठी आत टेबलावर, असा तो प्रकार. बॉट आत येणारच नाही, तर चिठ्ठी वाचणार कशी? दुसऱ्या कुणी त्या पत्त्याला लिंक दिली असेल, तर गूगल मजकूर न वाचताही नुसता पत्ता सूचीत टाकू शकतं. नोव्हेंबर २०१९ मध्ये ५.३ ने फलक काढला आणि चिठ्ठी तेवढी ठेवली.

मराठीत लिहिणाऱ्यांसाठी आणखी एक अडचण आहे, आणि इंग्रजीतल्या मार्गदर्शक लेखांत ती क्वचितच भेटते. पानाच्या पत्त्यात देवनागरी थेट जात नाही. युनिकोडच्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटचं, आणि पत्त्यात प्रत्येक बाइट टक्क्याची खूण अधिक दोन अक्षरं असा लिहिला जातो. म्हणजे एका चिन्हाला नऊ जागा. काना, वेलांटी, पाय मोडायची खूण ही सगळी स्वतंत्र चिन्हं धरली जातात. वर्डप्रेसच्या डेटाबेसमध्ये लेखाच्या पत्त्यासाठी २०० जागांचा रकाना आहे. इंग्रजी शीर्षकाला तो ऐसपैस. मराठीला जेमतेम बावीस चिन्हं.

‘महाराष्ट्रातील पावसाळ्यातील रानभाज्या’ हे शीर्षक घ्या. पहिल्या शब्दात चौदा चिन्हं, म्हणजे १२६ जागा. मधल्या रेघेची एक. उरल्या ७३, त्यात आठ चिन्हं बसतात. पत्ता तयार होतो ‘महाराष्ट्रातील-पावसाळ्य’. रानभाज्या गेल्या! पुढच्या वर्षी ‘महाराष्ट्रातील पावसाळ्यातील धबधबे’ लिहिलं, तर त्याचाही पत्ता जवळपास तोच, मागे दोनचा आकडा.

यावर काहींनी तोड काढली: डेटाबेसमध्ये शिरून तो रकानाच रुंद केला आणि वर्डप्रेसच्या कोडमधली २०० ची मर्यादाही वाढवून घेतली. काम झालं, पत्ते पूर्ण यायला लागले. पण वर्डप्रेसचं एखादं अपडेट डेटाबेसची रचनाही बदलतं, आणि तेव्हा प्रत्येक रकाना आपल्या ठरलेल्या मापाशी ताडून बघतं. जुळला नाही तर पूर्ववत करतं. रकाना पुन्हा २०० चा, आणि त्याहून लांब पत्ते मधेच कापलेले. गूगलकडे जुने पत्ते. त्यांवर गेलं की ४०४. एखाद्या लेखाचा पत्ता आपण संपादनातून बदलला, तर वर्डप्रेस जुना पत्ता लक्षात ठेवून वाचकाला नव्याकडे पाठवतं. डेटाबेसमध्ये परभारे झालेल्या कापाकापीची अशी नोंद कुठेच नसते. म्हणून माझं मत स्पष्ट आहे: रकान्याला हात लावू नये. लेख प्रकाशित करायच्या आधी पत्त्याच्या खिडकीत ‘रानभाज्या’ एवढा एकच शब्द लिहावा. नऊ चिन्हं, एक्याऐंशी जागा, विषय संपला.

थीमच्या, म्हणजे साइटचं रूप ठरवणाऱ्या साच्याच्या, अपडेटबद्दल फार सांगण्यासारखं नाही. थीमच्या मूळ फाइलमध्ये आपण चिकटवलेला कोड नव्या आवृत्तीखाली पुसला जातो. सर्च कन्सोल या गूगलच्या साइटमालकांसाठीच्या साधनाची पडताळणीची ओळ अशीच जाते. आपले बदल मूळ थीमपासून वेगळे ठेवणारी चाइल्ड थीम हा त्यावरचा जुना आणि पुरेसा उपाय.

प्रत्यक्ष अपडेट चालू असताना साइट काही क्षण बंद असते, याची काळजी पुष्कळांना वाटते. ती मात्र सोडून द्यावी. त्या वेळी वर्डप्रेस ५०३ परत करतं, अर्थात ‘तात्पुरतं बंद, थोड्या वेळाने या’, आणि दहा मिनिटांनी पुन्हा यायची सूचनाही देतं. गूगलचा बॉट ते ऐकतो. हे दिवसेंदिवस चाललं तरच तो पानं काढायला लागतो.

खरी पंचाईत कारण शोधताना होते. बॉट प्रत्येक पानाकडे रोज फिरकत नाही, त्यामुळे बदलाचा परिणाम कधी चार दिवसांनी दिसतो, कधी महिन्याने. त्यात गूगलचीही स्वतःची अपडेट्स असतात. ५ मार्च २०२४ ला गूगलने क्रमवारीच्या पद्धतीत मोठा बदल सुरू केला. तो पूर्ण व्हायला १९ एप्रिल उजाडलं. मधेच, २ एप्रिलला, वर्डप्रेस ६.५ आलं. त्या आठवड्यात अपडेट करून वाचक घटलेले पाहिलेल्या माणसाने वर्डप्रेसच्या नावाने बोटं मोडली असतील, तर त्याला काय दोष द्यायचा? प्रत्यक्षात ६.५ ने साइटमॅपमध्ये, म्हणजे सर्च इंजिनांसाठीच्या पानांच्या यादीत, पान शेवटचं केव्हा बदललं याची तारीख घालायला सुरुवात केली होती, आणि ती सर्च इंजिनांच्या सोयीचीच गोष्ट.

मग अपडेटच नको, असं म्हणणारे भेटतात. त्यांनी जानेवारी २०१७ आठवावा. वर्डप्रेस ४.७ मध्ये एक भोक सापडलं, त्यातून कुणीही परकी व्यक्ती लेखाचा मजकूर बदलू शकत होती. २६ जानेवारीला ४.७.२ मध्ये ते बुजवलं गेलं. पुढच्या काही दिवसांत, अपडेट न केलेल्या साइटींवरची पानं भामट्यांनी मोठ्या संख्येने विद्रूप केली. ‘ही साइट हॅक झालेली असू शकते’ असा शेरा गूगलने आपल्या साइटच्या नावाखाली मारलेला कुणाला परवडेल?

त्यापेक्षा अपडेटच्या आधी मुखपृष्ठ, एक लेख आणि एक विषयवार यादी अशा तीन पानांचा सोर्स, म्हणजे पानामागचा कोड, जपून ठेवावा. ब्राउझरमध्ये कंट्रोल आणि यू ही बटणं एकत्र दाबली की तो समोर येतो. अपडेटनंतर पुन्हा तीच पानं उघडून शीर्षक, कॅनॉनिकल आणि रोबॉट्सची (नोइंडेक्स असते ती) ओळ जुन्याशी ताडून पाहावी, वरच्या फोटोला लेझीची सूचना लागलीय का ते बघावं, आणि आठवडाभराने सर्च कन्सोलमध्ये सूचीतल्या पानांचा आकडा अचानक फुगला की आटला यावर नजर टाकावी. फुगला असेल तर आधी फोटोंची पानं शोधायची. आटला असेल तर तो चौकोन.