कार्टमध्ये ३, वर २ : छोट्या वेब-ॲपमधलं ग्लोबल स्टेट

आम्ही ऑर्डर-ॲप तुमच्या ताब्यात दिलं की त्याचा कोडही तुमचाच होतो. पुढे तुमचा डेव्हलपर त्यात एखादं बटण वाढवेल, एखादं पान बदलेल. अशा वेळी सगळ्यात आधी बिघडतं ते अनेक पानांना मिळून लागणाऱ्या माहितीचं गणित, म्हणजे ग्लोबल स्टेट. हे पत्रक त्या डेव्हलपरसाठी आहे. पहिला आणि शेवटचा भाग दुकान चालवणाऱ्यांनीही वाचावा.

बिघाड बहुतेकदा असा दिसतो. गिऱ्हाइकाने चकलीची दोन पाकिटं कार्टमध्ये टाकली, मग 'मागच्या वेळचं पुन्हा' या बटणावरून करंजीचं एक. कार्टच्या पानावर ३ नग दिसतात, वरच्या पट्टीतल्या पिशवीवर मात्र २. कारण एवढंच, की आकडा दोन ठिकाणी लिहून ठेवलाय. पट्टीसाठी कुणीतरी 'एकूण नग' वेगळा ठेवला, साधं 'टाका' बटण दोन्ही वाढवतं, पण नंतर आलेलं बटण फक्त यादीला हात लावतं. इथे दोन आकडे जुळवत बसू नका. एकूण नग आणि एकूण रक्कम साठवूच नयेत, यादीवरून दर वेळी मोजावेत. ५० ओळींची बेरीज ब्राउझरला जाणवतसुद्धा नाही. रक्कम पैशांत, पूर्णांकात मोजा. जावास्क्रिप्टमध्ये ०.१ आणि ०.२ यांची बेरीज ०.३०००००००००००००००४ येते, आणि ती कधीतरी बिलावर उमटते.

सामायिक स्टोअरमध्ये, म्हणजे सगळ्या पानांना मिळून असलेल्या एका साठ्यात, ऑर्डर-ॲपच्या तीनच गोष्टी असाव्यात : कार्टची यादी, लॉगिन केलेलं गिऱ्हाईक आणि निवडलेली भाषा. चौथी गोष्ट टाकण्याआधी तिची खरी जागा शोधा. मेनू उघडा की मिटलेला, हे त्या मेनूच्या कॉम्पोनंटपुरतं, म्हणजे पानाच्या तेवढ्या तुकड्यापुरतं. अर्धवट भरलेला पत्ता फॉर्मपुरता. शोधलेला शब्द, निवडलेला प्रकार, पान क्रमांक हे पत्त्याच्या ओळीत, म्हणजे यूआरएलमध्ये. तरच 'मागे' बटण नीट चालतं आणि व्हॉट्सॲपवर पाठवलेली लिंक समोरच्याकडे तीच यादी उघडते. पदार्थ आणि दर हे तर सर्व्हरचे. त्यांची प्रत स्टोअरमध्ये ठेवली की ती शिळी कधी झाली हे पाहणं तुमच्या गळ्यात पडतं. ते काम सर्व्हरची माहिती आणून सांभाळणाऱ्या टॅनस्टॅक क्वेरी या लायब्ररीकडे द्या. तिथे स्टेलटाइम (माहिती किती वेळ ताजी धरायची ती मुदत) मुळात ० असतो, म्हणजे आलेली माहिती लगेच शिळी धरली जाते आणि गिऱ्हाईक दुसऱ्या टॅबवरून परत आलं की पुन्हा मागवली जाते. दरपत्रकासाठी ५ मिनिटं ठेवली तर चालतात. दोन-तीन पायऱ्या खाली प्रॉप्स, म्हणजे वरच्या कॉम्पोनंटकडची मूल्यं, देण्यालाही घाबरू नये. ते कंटाळवाणं असेल, पण माहिती कुठून आली ते डोळ्यांनी दिसतं.

स्टोअर स्वतः लहानच असतं, ३० ओळींच्या आसपासची एक फाइल. तिच्यात सध्याची अवस्था, ऐकणाऱ्या फंक्शनांचा एक सेट आणि तीन फंक्शनं असतात. पहिलं अवस्था देतं. दुसरं नवी अवस्था घेतं, जुनीशी तुलना करतं आणि वेगळी असेल तरच सगळ्या ऐकणाऱ्यांना हाक मारतं. तिसरं ऐकणाऱ्याचं नाव नोंदवतं आणि नाव काढून टाकणारं फंक्शन परत देतं. हे परत देणं राहिलं तर मिटलेली पानंही यादीत बसून राहतात आणि ॲप हळूहळू जड होतं. रिअ‍ॅक्ट या पानं रंगवणाऱ्या लायब्ररीला हे जोडायला आवृत्ती १८ पासून यूजसिंकएक्स्टर्नलस्टोअर हा हुक, म्हणजे कॉम्पोनंटमध्ये वापरायचं तयार फंक्शन, आहे. अवस्था बदलणारं फंक्शन फाइलबाहेर देऊ नका. बाहेर द्यायची ती 'नग वाढव', 'ओळ काढ', 'कार्ट रिकामी कर', 'लॉगआउट' अशी नावानिशी कामं. मग कार्ट कोणी बदलली हे शोधायला एकच फाइल वाचावी लागते. लॉगआउटमध्ये कार्ट आणि क्वेरीची कॅश (तिने जपून ठेवलेली माहिती) दोन्ही पुसा. एकाच फोनवर दोघं ऑर्डर देतात, हे घरोघरी चालतं.

दोन चुका मात्र हटकून होतात. पहिली, यादीत थेट पुश करणं, म्हणजे आहे त्याच यादीत नवी ओळ घालणं. यादी आतून बदलली तरी तिचा संदर्भ तोच राहतो, तुलनेत 'काही बदललं नाही' असं ठरतं आणि पान जागचं हलत नाही. नवी यादी बनवूनच द्यावी. दुसरी चूक नेमकी उलटी : स्टोअरमधून वाचतानाच फिल्टर किंवा मॅप लावणं. दर वाचनाला नवी यादी जन्मते, रिअ‍ॅक्टला प्रत्येक वेळी बदल दिसतो. कन्सोलवर गेटस्नॅपशॉटचा, म्हणजे स्टोअर वाचणाऱ्या फंक्शनचा, निकाल कॅश करा अशी सूचना येते आणि पाठोपाठ पान अनंत फेऱ्यांत अडकून कोसळतं. मूळ यादी वाचा, गाळायचं काम कॉम्पोनंटमध्ये करा.

भाषेसारख्या क्वचित बदलणाऱ्या गोष्टीला कॉन्टेक्स्ट, म्हणजे पायरी-पायरीने प्रॉप्स न देता माहिती खाली पोचवायची सोय, पुरतो. कार्टला नको, कारण कॉन्टेक्स्टचं मूल्य बदललं की ते वाचणारे सगळे कॉम्पोनंट पुन्हा रंगतात, त्यांना लागणारा तुकडा बदललेला असो वा नसो.

कार्ट टिकवायला लोकलस्टोरेज हा ब्राउझरमधला साठा वापरतो. तिथे फक्त मजकूर राहतो, मर्यादा साधारण ५ एमबी. कार्टमध्ये पदार्थाचा क्रमांक आणि नग एवढंच लिहा. दर लिहिला तर गेल्या दिवाळीचा दर यंदाच्या ऑर्डरवर लागतो, आणि मग गिऱ्हाइकाशी वाद होतो. किल्लीच्या, म्हणजे नोंदीच्या, नावात आवृत्ती असू द्या, उदाहरणार्थ 'कार्ट-२'. रचना बदलली की आकडा वाढवा. वाचणं आणि लिहिणं दोन्ही ट्राय-कॅचमध्ये, म्हणजे चूक झेलणाऱ्या ब्लॉकमध्ये, हवं, नाहीतर एका बिघडलेल्या नोंदीने अख्खं पान पांढरं पडतं. स्टोरेज इव्हेंट, म्हणजे नोंद बदलल्याची सूचना, त्याच साइटच्या दुसऱ्या टॅबमध्ये येतो, बदल केलेल्या टॅबमध्ये येत नाही. तो ऐकला तरच दोन टॅबमधल्या कार्ट जुळतात. लॉगिनचं टोकन, म्हणजे गिऱ्हाइकाची ओळख पटवणारी खूण, इथे ठेवू नका. पानात शिरलेली कोणतीही परकी स्क्रिप्ट ते वाचू शकते. त्यासाठी स्क्रिप्टला वाचता न येणारी एचटीटीपी-ओन्ली कुकी आहे.

नेक्स्ट या फ्रेमवर्कवर पानं सर्व्हरवर तयार होत असतील तर जपा. फाइलच्या माथ्यावर केलेलं स्टोअर सर्व्हरवर सगळ्या विनंत्यांना एकच असतं, म्हणजे एकाची कार्ट दुसऱ्याला दिसू शकते. सर्व्हरवर कार्ट रिकामीच धरा आणि लोकलस्टोरेज ब्राउझरमध्ये पान उभं राहिल्यावर वाचा.

तयार लायब्ररी हवी असेल तर झुस्टांड घ्या. नाव जर्मन, अर्थ 'अवस्था', वजन दाबून १ केबीच्या आसपास, आणि वर सांगितलेलंच काम ती करते. २०१५ पासून असलेलं रिडक्स हे अशाच कामाचं साधनही वाईट नाही. बदलांचा माग काढायची त्याची साधनं उत्तम आहेत, पण तीन गोष्टींसाठी तो पसारा कोणी मांडू नये.

तक्रार कळवताना पानाचा पूर्ण पत्ता, कोणतं बटण कोणत्या क्रमाने दाबलं, ॲप एकाच टॅबमध्ये उघडं होतं की दोन, आणि पान रिफ्रेश केल्यावर आकडा सुधारतो का, हे लिहा. रिफ्रेशने सुधारला तर चूक बहुधा स्टोअरमध्ये सापडते. तसाच राहिला तर आधी लोकलस्टोरेजची नोंद पाहावी लागते, म्हणून आम्ही उत्तर देईपर्यंत ब्राउझरचा डेटा पुसू नका.